खाड्याचे सहा शिलिंग : डिकी लॉकवुड आणि रग्बीतील ‘हौशी’ या शब्दाचा इतिहास

‘हौशी’ हा शब्द आम्ही वर्गात नेहमी वापरतो, आणि वापरताना त्याच्याकडे फारसे पाहत नाही. हौशी रंगभूमी आणि व्यावसायिक रंगभूमी अशी जोडी फळ्यावर लिहिली, की विद्यार्थी पहिल्या शब्दाखाली ‘प्रेम’ आणि दुसऱ्याखाली ‘पैसा’ असे आपोआप लिहून घेतात. हौस हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी इच्छा आहे, वासनाही आहे. ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण तो योजतो त्या ‘अ‍ॅमॅच्युअर’च्या मुळाशी लॅटिनमधले प्रेम आहे. दोन्ही शब्द मूळचे निष्पाप. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इंग्लंडमध्ये यांपैकी दुसऱ्या शब्दाला कलमे आणि पोटकलमे फुटली, त्याच्यासाठी चौकशी समित्या बसल्या, आणि एका लोकप्रिय खेळाचे त्याच्यावरून दोन तुकडे झाले. त्या फाळणीच्या रेषेवर उभ्या असलेल्या एका खेळाडूची कारकीर्द येथे मांडायची आहे. त्याचे नाव रिचर्ड लॉकवुड. लोक त्याला डिकी म्हणत.

लॉकवुडचा जन्म १८६७चा, यॉर्कशरमधील वेकफील्डजवळच्या क्रिगलस्टन या गावी, कष्टकरी कुटुंबातला. १८८४ मध्ये, सतराव्या वर्षाच्या आसपास, तो ड्यूजबरीच्या संघातून खेळू लागला. ड्यूजबरी, बॅटली, हेकमंडवाइक हा सगळा पट्टा लोकरीच्या गिरण्यांचा. जुन्या चिंध्या पिंजून त्यांच्यापासून पुन्हा कापड विणण्याचा धंदा येथेच भरभराटीला आला. १८५०च्या कारखाना कायद्याने स्त्रिया आणि किशोरवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. त्या दोघांवाचून गिरणी चालत नसल्याने प्रौढ पुरुषांनाही हळूहळू ती अर्धी सुट्टी मिळाली. उत्तर इंग्लंडचा सारा मैदानी खेळ या शनिवारच्या अर्ध्या दिवसात वाढला. १८७७ मध्ये यॉर्कशरच्या संघांसाठी चषकस्पर्धा सुरू झाली आणि एका गिरणगावाची दुसऱ्याशी असलेली ईर्ष्या मैदानावर उतरली. प्रेक्षक आले, तिकिटे आली, आणि तिकिटांचे पैसे कोठे जातात हा प्रश्नही आला.

रग्बी ज्यांच्या परिचयाची नाही अशा वाचकांसाठी थोडे खेळाविषयी. चेंडू हातात घेऊन धावायचे, पुढे फेकायचा नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की ‘ट्राय’. आघाडीचे धिप्पाड गडी झोंबाझोंबी करून चेंडू मिळवतात, आणि तो हातोहात मैदानाच्या कडेला पोहोचतो तेव्हा तेथे विंगर उभा असतो. खो-खोत उत्तम पळणाऱ्याला जे लागते तेच याला लागते : वेग, हुलकावणी, आणि रेषेच्या आत राहण्याचे भान. लॉकवुड असा विंगर होता. त्याची उंची साडेपाच फुटांपर्यंतही पोहोचत नव्हती. धिप्पाड माणसांच्या खेळात एवढ्याशा माणसाने नाव काढावे, याचे गिरणगावांना कौतुक वाटले नसते तरच नवल.

८ जानेवारी १८८७ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला. वेल्समधील लानेली येथे मैदान गोठले होते, म्हणून शेजारच्या क्रिकेटच्या मैदानावर खेळ झाला आणि एकही गुण न होता संपला. त्याच हंगामात तो स्कॉटलंडविरुद्ध कलकत्ता चषकासाठीही खेळला. या चषकाची कुळकथा आपल्या वाचकांना रंजक वाटेल. कलकत्त्यातील इंग्रजांनी १८७३ मध्ये रग्बीचा क्लब काढला. तो चार-पाच वर्षांत बंद पडला तेव्हा खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवला गेला आणि लंडनला पाठवला गेला. हौशी खेळाचा सर्वांत मानाचा करंडक अक्षरशः नाण्यांचा बनलेला होता, हे त्या काळी कोणाला खटकल्याचे दिसत नाही.

पुढचे दोन हंगाम इंग्लंडचा शेजारी देशांशी तंटा चालला होता आणि ते सामने झालेच नाहीत. फेब्रुवारी १८८९ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या, बहुतांशी माओरी खेळाडूंच्या संघाशी मात्र ब्लॅकहीथ येथे सामना झाला आणि लॉकवुड त्यात होता. या सामन्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या अँड्र्यू स्टॉडार्टची विजार फाटली. त्याची लाज झाकावी म्हणून पाहुण्या खेळाडूंनी त्याच्याभोवती कडे केले. खेळ थांबला असे त्यांनी धरले. तेवढ्यात इंग्लंडच्या एका गड्याने चेंडू उचलून ट्राय केला, आणि पंचांनी तो ग्राह्य धरला. पाहुण्यांपैकी तिघे रागाने मैदान सोडून गेले. क्षमायाचना मात्र त्यांनाच करावी लागली. पंच होते रोलंड हिल, रग्बी फुटबॉल युनियनचे सचिव. ‘सभ्य गृहस्थांचा खेळ’ या शब्दप्रयोगाचा अर्थ शोधणाऱ्याने ही दुपार जरूर ध्यानात ठेवावी. हेच हिल आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहेत.

पैशाच्या प्रश्नावर युनियनची भूमिका तोपर्यंत कडक झाली होती. १८७१ मध्ये एकवीस क्लबांनी लंडनमध्ये ही संस्था स्थापली तेव्हा पैशाचा नियम करण्याची गरजच कोणाला भासली नव्हती. खेळणारे सारे ठरावीक शाळांमधून आलेले, खाऊनपिऊन सुखी. १८८५ मध्ये फुटबॉलने, म्हणजे पायाने खेळायच्या फुटबॉलने, वेतन देण्यास मान्यता दिली आणि पाहता पाहता त्या खेळात कामगारवर्गातून आलेले व्यावसायिक खेळाडू पुढे आले. त्याचा धसका घेऊन रग्बीच्या धुरीणांनी ऑक्टोबर १८८६ मध्ये नियम केला : कोणत्याही रूपाने मोबदला नाही. बक्षीस नाही, नोकरीचे आमिष नाही, आणि सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाईही नाही.

या शेवटच्या गोष्टीसाठी तिकडे ‘ब्रोकन टाइम’ असा शब्द होता. शब्दशः ‘मोडलेला वेळ’. मराठीत त्याला अचूक शब्द आहे, तो म्हणजे खाडा. रोजंदारीवरच्या माणसाने एक दिवस कामाला दांडी मारली की त्याचा खाडा धरतात आणि त्या दिवसाचे पैसे कापतात. शनिवारी दुपारचा सामना गावातच असला तर प्रश्न नव्हता. पण सामना दूरगावी असेल, किंवा इंग्लंडच्या वतीने डब्लिनला वा एडिंबराला जायचे असेल, तर दोन-तीन दिवसांचा खाडा ठरलेला. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या किंवा वडिलांच्या पेढीवर बसणाऱ्या खेळाडूला तोच प्रवास म्हणजे सहल. नियम दोघांना एकच होता. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना यातली मेख समजावून सांगावी लागणार नाही.

मग पैसे दिले जात नव्हते काय? जात होते. बुटात नाणी ठेवण्याची रीत इतकी रूढ झाली की अशा छुप्या मोबदल्याला ‘बुटातले पैसे’ हेच नाव पडले. कोणाला गिरणीत हलके काम मिळे, कोणाला दारूच्या गुत्त्याची चालकी. उत्तरेतील नामांकित खेळाडू त्या काळात वस्तुतः अर्धव्यावसायिक होता : आठवडाभर दुसरे काम, शनिवारी खेळ, आणि दोन्हींच्या मध्ये न बोलता सरकवलेले काहीतरी. लॉकवुडने १८८९ मध्ये ड्यूजबरी सोडून शेजारच्या, त्याहून लहान हेकमंडवाइकची वाट धरली तेव्हा साहजिकच संशय उठला. यॉर्कशरच्या समितीने त्याची चौकशी केली. दोष सिद्ध झाला नाही. त्याने पैसे घेतले होते की नाही याचा निवाडा करण्यात आम्हांला रस नाही. एका एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाने गाव का बदलले याचा जाब त्याला समितीपुढे द्यावा लागतो, आणि वडिलांच्या पैशावर लंडनभर क्लब बदलत फिरणाऱ्याला कोणी विचारत नाही, हा भेद आम्हांला अधिक बोलका वाटतो.

या भेदाचे याहून ठळक उदाहरण एक वर्ष आधीचे आहे. १८८८ मध्ये श्रूजबरी आणि शॉ या क्रिकेटपटू-व्यापाऱ्यांनी ब्रिटिश खेळाडूंचा एक संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला नेला. निघण्यापूर्वी हॅलिफॅक्सच्या जॅक क्लाउज या खेळाडूने कपडेलत्ते घेण्यासाठी १५ पौंड स्वीकारले होते. तेवढ्यावरून युनियनने त्याला व्यावसायिक ठरवले. तो बोटीने गेला खरा, पण खेळू शकला नाही. बाकीच्यांनी परत आल्यावर आपण पैसे घेतले नसल्याची प्रतिज्ञापत्रे दिली आणि विषय मिटला. याच दौऱ्यात कर्णधार सेडन नदीत बुडून वारला, आणि त्याच्या जागी नेतृत्व आले ते स्टॉडार्टकडे. तोच स्टॉडार्ट, विजार फाटलेला. पेशाने शेअर दलाल, क्रिकेट आणि रग्बी दोन्हींत पुढे इंग्लंडचा कर्णधार, आणि नोंदीपुरता शेवटपर्यंत हौशी.

लॉकवुडचा खेळ या साऱ्यातून बहरतच गेला. १८९२ मध्ये इंग्लंडने तिन्ही शेजाऱ्यांना हरवले, आणि तेही एकही गुण न देता. तिन्ही सामन्यांत तो होता. परगण्यांची स्पर्धा यॉर्कशरने १८८९ ते १८९६ या आठ वर्षांत सात वेळा जिंकली. यॉर्कशरच्या त्या संघाचाही तो आधार होता. म्हणजे ज्या प्रदेशावर संशय होता त्याच्याच बळावर इंग्लंड जिंकत होते.

२० सप्टेंबर १८९३. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात युनियनची सर्वसाधारण सभा भरली. यॉर्कशरचे प्रतिनिधी खास आगगाडी करून आले होते. जेम्स मिलर यांनी ठराव मांडला की खेळाडूंच्या खऱ्याखुऱ्या बुडालेल्या वेळेची भरपाई देण्यास मुभा असावी. त्यांनी वेतन मागितले नव्हते, फक्त खाडा भरून मागितला होता. विल्यम केल आणि आपले जुने परिचित रोलंड हिल यांनी दुरुस्ती सुचवली : हे तत्त्व खेळाच्या हिताच्या आणि वृत्तीच्या विरुद्ध आहे, सबब अमान्य. दुरुस्तीच्या बाजूने २८२ मते पडली, विरुद्ध १३६. बहुमतातील बरीच मते मुखत्यारपत्रांवर गोळा करून आणलेली होती. एवढ्यावर न थांबता युनियनने आपल्या घटनेतच लिहून टाकले की सर्वस्वी हौशी खेळाडूंचे क्लबच सभासद होऊ शकतील, आणि सर्वसाधारण सभा लंडनलाच होतील. सभेला जायचे तरी खाडा आलाच.

आणि नेमक्या याच सभेनंतरच्या हंगामात इंग्लंडने आपला कर्णधार म्हणून निवडले ते लॉकवुडला. या निवडीत ढोंग होते की औदार्य, हे ठरवणे कठीण आहे. कदाचित निवड समितीला केवळ सामना जिंकायचा असेल. जानेवारी १८९४ मध्ये बर्कनहेड येथे वेल्सशी गाठ पडली. वेल्सने आधल्या वर्षी सर्वांना हरवले होते, आणि त्यांच्या यशाचे रहस्य असे की ते मागच्या फळीत तीनऐवजी चार धावपटू ठेवत. इंग्लंडने या सामन्यात प्रथमच ती रचना उचलली. मूळचा विंगर असलेला लॉकवुड त्या फळीत आतल्या जागी खेळला, स्वतः ट्राय केला, आणि इंग्लंड २४-३ असे जिंकले. पराभूत संघाचा कर्णधार आर्थर गूल्ड होता. हे नाव लक्षात ठेवावे. ३ फेब्रुवारीला ब्लॅकहीथला आयर्लंडने इंग्लंडला ७-५ असे हरवले. तो लॉकवुडचा इंग्लंडकडून चौदावा आणि अखेरचा सामना ठरला.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ‘नॉर्दर्न युनियन’ स्थापली. बावीस क्लबांनी सुरुवात केली. लॉकवुडच्या पहिल्या क्लबाने, ड्यूजबरीने, त्या दिवशी विचाराला वेळ मागितला आणि तो काही वर्षे बाहेरच राहिला. नव्या संस्थेने खाड्याचा दर ठरवला : दिवसाला सहा शिलिंग. त्याहून अधिक काही नाही. फाळणी झाली ती या सहा शिलिंगांवरून. आणि त्याच १८९५ साली क्रिकेटमधील हौशी खेळाडूंचे शिरोमणी डब्ल्यू. जी. ग्रेस यांना चाहत्यांनी नऊ हजार पौंडांहून मोठी थैली अर्पण केली. ग्रेस यांच्या हौशीपणाला तिने बाध आला नाही.

लॉकवुड १८९५ मध्येच वेकफील्ड ट्रिनिटीकडे, म्हणजे नव्या संस्थेच्या बाजूला गेला. त्या क्षणी जुन्या युनियनच्या लेखी तो व्यावसायिक झाला. बंदी अशी की नॉर्दर्न युनियनच्या सामन्यात पाऊल टाकणारा, मग त्याने एक पेनीही घेतलेली नसो, जुन्या रग्बीतून जन्माचा बाद. आपल्याकडच्या जातिबहिष्कारांचा अभ्यास करणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. येथेही दोष कृत्याने लागत नव्हता, संसर्गाने लागत होता.

अपवाद होते. बर्कनहेडला हरलेल्या गूल्डसाठी वेल्समध्ये वर्गणी निघाली आणि १८९७ मध्ये त्याला एक घर भेट देण्यात आले. हा उघडउघड मोबदला होता. युनियन खवळली, वेल्सने आंतरराष्ट्रीय मंडळ सोडले, आणि मग इंग्लिश युनियनच्याच सभेने अपवादात्मक परिस्थिती म्हणून गूल्डला क्षमा केली. वेल्सबरोबरचे सामने गमावणे परवडणारे नव्हते, हे उघड होते. क्लाउजचे १५ पौंड, लॉकवुडचे सहा शिलिंग, गूल्डचे घर आणि ग्रेसची थैली हे चार आकडे शेजारी ठेवले, तर ‘हौशी’ या शब्दाचा त्या काळचा व्यवहारातला अर्थ शब्दकोशापेक्षा स्वच्छ कळतो.

नॉर्दर्न युनियनही काही बंडखोरांची मुक्त भूमी नव्हती. १८९८ मध्ये तिने वेतनाला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला दुसरी खरी नोकरी असलीच पाहिजे. केवळ खेळावर जगणाऱ्या माणसाविषयी तिलाही संशय होता. ही अट निघायला १९०५ उजाडले. म्हणजे ‘अर्धव्यावसायिक’ ही अवस्था आधी चोरटी होती, मग सहा शिलिंगांपुरती मान्य झाली, आणि पुढे सक्तीची झाली. या स्थित्यंतराचा एक साहित्यविचारकांना मोलाचा वाटावा असा परिणाम म्हणजे खेळाचे रूपच बदलले. प्रेक्षकांवर चालणाऱ्या संस्थेला झोंबाझोंबीचे ढिगारे नको होते, धाव हवी होती. १९०६ मध्ये संघातील गडी पंधरावरून तेरा झाले. मैदान मोकळे झाले आणि विंगरला जागा मिळाली. नाट्यगृहाचे अर्थकारण बदलले की नाटकाची लांबी आणि अंकरचना बदलते, हे आपण शिकवतो. येथे आश्रयदाता बदलल्याने मैदानाची रचना बदललेली दिसते. जुन्या युनियनचे काय झाले? १८९२ नंतर इंग्लंडला स्पर्धा निर्विवाद जिंकण्यासाठी १९१०पर्यंत थांबावे लागले.

साहित्यात ही बाजू नीट आली ती बऱ्याच उशिरा, आणि तीही वेकफील्डमधूनच. डेव्हिड स्टोरी हा खाणकामगाराचा मुलगा, जन्म तेथलाच, १९३३चा. लीड्सच्या संघाशी करार करून तो खेळत होता, आणि त्याच वेळी लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकत होता. आठवडाभर लंडन, शनिवारी उत्तरेची गाडी. १९६० मध्ये त्याची ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ ही कादंबरी आली. तिचा नायक आर्थर मशीन कारखान्यात लेथवर काम करतो आणि पैशासाठी रग्बी खेळतो. कादंबरी उघडते तीच मैदानात त्याचे दात तुटण्यापासून. खेळाडूचे शरीर हे येथे अवजार आहे, आणि अवजाराची झीज कोणाच्या खात्यावर मांडायची हा कादंबरीभर न सुटणारा हिशेब. विद्यार्थ्यांनी ही कादंबरी ‘रागीट तरुणां’च्या पिढीचे एक उदाहरण म्हणून वाचून सोडून देऊ नये, असे आम्हांला आग्रहाने सांगावेसे वाटते, तिच्या मागे १८९३ची ती सभा आहे. लिंडसे अँडरसन यांनी १९६३ मध्ये तिच्यावर चित्रपट केला तेव्हा सामन्यांचे चित्रण वेकफील्ड ट्रिनिटीच्या मैदानावर झाले.

बंदी मात्र चालूच होती. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातील खेळाडूंसाठी ती बाजूला ठेवली गेली. १९४३ आणि १९४४ मध्ये दोन्ही पंथांचे संघ जुन्या युनियनच्या नियमांनी एकमेकांशी खेळले, आणि दोन्ही वेळा ‘व्यावसायिक’ पंथ जिंकला. युद्ध संपले, सोवळे पुन्हा नेसले गेले. १९८४ ते १९९६ या काळात इंग्लंडकडून ८५ सामने खेळून ४९ ट्राय करणारा विंगर रोरी अंडरवुड हवाई दलात वैमानिक होता. त्याच्या गुणवत्तेला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण हौशी खेळाला कोणत्या प्रकारची नोकरी मानवते हे त्याच्या आणि लॉकवुडच्या कामाची तुलना केली म्हणजे दिसते. अखेर ऑगस्ट १९९५च्या शेवटच्या आठवड्यात, पॅरिसच्या बैठकीत, जुन्या पंथानेही वेतनाला मुभा दिली. हडर्सफील्डच्या सभेला तेव्हा शंभर वर्षे पुरी व्हायला दोन-तीन दिवस उरले होते.

लॉकवुड १९१५ मध्ये वारला. महायुद्धामुळे त्या वर्षी दोन्ही पंथांच्या स्पर्धा बंद पडल्या होत्या. इंग्लंडच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे चौदा सामने आहेत, शेवटचा ब्लॅकहीथचा. त्यानंतरचा लॉकवुड शोधायचा तर रग्बी लीगच्या इतिहासाची, वेकफील्डची, वेगळी पुस्तके उघडावी लागतात.